हाताला लागलेला आणि अंगात भिनलेला

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वनजमिनीवर लावलेला गांजा पोलिसांनी उपटला, ही बातमी खानदेशी वाचकाला नवी नाही. त्या कारवाईत चिकट झाडं हाताळावी लागतात, मुद्देमालाचं वजन करावं लागतं. दुसऱ्याच दिवशी त्यातल्या एखाद्या हवालदाराची डोप टेस्ट घेतली तर?

लघवीत बहुधा काहीच निघणार नाही. गांजातलं टीएचसी रक्तात गेलं की यकृत त्याचं रूप बदलतं आणि त्यातून बनलेलं आम्ल लघवीत उतरतं. चाचणी शोधते ते हे आम्ल. प्राथमिक चाचणीची रूढ मर्यादा आहे मिलिलिटरला 50 नॅनोग्रॅम. नुसत्या हाताळण्याने किंवा उघड्या माळावरच्या धुराने तिथवर कुणी पोचत नाही. कोंदट, बंद खोलीतल्या प्रयोगात मात्र न ओढणाऱ्याची लघवीही क्वचित पॉझिटिव्ह आली आहे.

केसांचं गणित निराळं. अमेरिकेत बॉस्टनच्या पोलिसांचे केस तपासत. कोकेन सापडलं म्हणून नोकरी गेलेल्यांपैकी सहा जणांना 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या नागरी सेवा आयोगाने परत घ्यायला लावलं. ते कोकेन शरीरातून केसात आलं की बाहेरून चिकटलं, हे एवढ्या चाचणीवरून ठरत नव्हतं. त्यात काळ्या केसांतलं मेलॅनिन कोकेन जास्त धरून ठेवतं. ही पद्धत इकडे आणू पाहणाऱ्याने आधी आपल्या फौजदारांच्या डोक्याकडे पाहावं.

लघवीलाही एक गोष्ट सांगता येत नाही: नशा कधीची? टीएचसी चरबीत मुरतं, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते आम्ल ओढणं थांबवल्यावर तीन-चार आठवडेही दिसतं. महाराष्ट्राच्या 1979 च्या नागरी सेवा वर्तणूक नियमांत तर कामावर नशेत असण्याला मनाई आहे. दारूच्या बाबतीत रक्तातलं प्रमाण त्या वेळची अवस्था बरीचशी सांगतं. तोंडाचा वास आणि अडखळती चाल एवढ्यावर दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये महाराष्ट्रातल्याच खटल्यात म्हटलं होतं. गांजासाठी असा भरवशाचा आकडा अजून कुणाकडेच नाही.

अफूचा घोळ स्वयंपाकघरातला. अनारशावरच्या खसखशीतही मॉर्फिनचा अंश असू शकतो. अमेरिकेने 1998 मध्ये सरकारी चाचणीतली मर्यादा 300 वरून 2000 नॅनोग्रॅमवर नेली ती याचसाठी. म्हणून नुसत्या प्राथमिक चाचणीवर निलंबन नको. मास स्पेक्ट्रोमेट्रीने खात्री करावी आणि नमुन्याची दुसरी सीलबंद बाटली त्या शिपायाच्या फेरतपासणीसाठी राखावी.