मीठ आणि मासळी : घरच्या घरी जपानी ‘शिओयाकी’

जपानी स्वयंपाक म्हटला, की कच्च्या मासळीची ‘सुशी’ आणि ‘साशिमी’ ही नावे आपल्याकडे प्रथम आठवतात. प्रत्यक्षात जपानी घरांतील रोजच्या जेवणात भाजलेल्या मासळीला मानाचे स्थान आहे. ‘शिओ’ म्हणजे मीठ आणि ‘याकी’ म्हणजे भाजलेले. त्यावरून ‘शिओयाकी’ हे नाव आले. वाटण किंवा मसाला न लागणारा हा पदार्थ अर्ध्या-पाऊण तासात तयार होतो आणि त्यातील बराचसा वेळ मासळी नुसती मीठ लावून ठेवण्यात जातो.

या पद्धतीसाठी जपानमध्ये ‘सबा’ विशेष लोकप्रिय आहे. हा आपल्या किनाऱ्यावरील बांगड्याच्याच कुळातला, परंतु आकाराने मोठा मासा. त्यामुळे बांगड्याची शिओयाकी उत्तम होते. मात्र काप पातळ असल्याने भाजण्याचा वेळ कमी धरावा लागतो.

खरी परीक्षा बाजारातच असते. हळद, तिखट आणि कोकमाचे पांघरूण नसल्याने येथे शिळेपणा लपत नाही. शिवाय बांगड्याच्या कुळातील मासळी उबेत राहिल्यास जिवाणूंमुळे तिच्यात हिस्टामिन तयार होते. त्याने चेहरा लाल होणे, खाज सुटणे, डोके दुखणे असे त्रास होतात. हे द्रव्य भाजल्याने नष्ट होत नाही आणि वासावरून ते ओळखता येईलच असेही नाही. म्हणूनच बर्फात ठेवलेली मासळीच घ्यावी व घरी आणताच फ्रिजमध्ये ठेवावी. आकड्यांत फेरफार करण्याला जपानी भाषेत ‘सबा मोजणे’ अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे. हा मासा लवकर नासतो, म्हणून विक्रेते तो घाईघाईने, वाटेल तसा मोजत, अशी त्याची एक प्रचलित व्युत्पत्ती सांगतात.

बांगडा साफ करून, धुऊन कोरडा पुसावा. मधल्या काट्याला लागून सुरी चालवून दोन्ही बाजूंचे काप काढावेत. कातडी मात्र काढू नये. तिच्यावर दोन-तीन तिरक्या चिरा द्याव्यात. मीठ मासळीच्या वजनाच्या सुमारे २ टक्के घ्यावे. म्हणजे १५० ग्रॅम कापांना ३ ग्रॅम, साधारणतः चहाचा सपाट अर्धा चमचा. हात सुमारे ३० सेंटिमीटर उंच धरून ते दोन्ही बाजूंनी भुरभुरावे. जपानी आचाऱ्यांचा हा रिवाज निव्वळ दिखाऊ नाही; उंचावरून पडणारे मीठ एकसारखे पसरते.

आता काप २० मिनिटे तसेच ठेवावेत, आपल्याकडील हवेत शक्यतो फ्रिजमध्ये. मीठ मासळीतील पाणी ओढून घेते आणि त्याबरोबर उग्र वासाला कारणीभूत असलेले ट्रायमिथाइलअमाइनही काही प्रमाणात बाहेर येते. कापांवर जमलेले हे पाणी कोरड्या कागदाने टिपून घेणे, ही या कृतीतील सर्वांत महत्त्वाची पायरी होय. ती गाळल्यास वास मागे राहतो, मासळी भाजण्याऐवजी वाफेवर शिजते आणि कातडी तव्याला चिकटते.

अनेक जपानी घरांतील गॅसच्या शेगडीत बर्नरखाली मासळी भाजण्याचा खास कप्पा असतो. आपल्याकडे जाड तवा पुरेसा आहे. तवा तापल्यावर तेलाचा हात फिरवून काप कातडीची बाजू खाली करून ठेवावेत. कातडी आक्रसून काप वाकतात, म्हणून पहिले अर्धे मिनिट ते उलथन्याने दाबून धरावेत. मध्यम आचेवर सुमारे ४ मिनिटांत कातडी कुरकुरीत झाली, की उलटून आणखी २ मिनिटे भाजावे. मांस पांढरे होऊन सहज सुटू लागले, की काप उतरवावेत.

सोबत किसलेला पांढरा मुळा, हलक्या हाताने पिळून, द्यावा. मुळ्याचा तिखटपणा मासळीच्या तेलकटपणाला उतारा ठरतो. लिंबाची फोड आणि गरम भातही हवाच. सोया सॉसचे दोन-चार थेंब मुळ्यावर घालावेत, मासळीवर नव्हे. तिला मीठ अगोदरच लागलेले असते.