अंगण कुणाचं?

बँकेत गृहकर्जाचे कागद पुढे सरकवताना मी सांगत असे, "वाचून सही करा." वाचणारे क्वचितच भेटले. अमेरिकेत अनेक वसाहतींत घर घेणारा रहिवासी संघाच्या नियमांनाही बांधला जातो. अंगणात काय उगवावं, हेदेखील त्यात असतं. बहुधा एकच उत्तर: कापलेलं हिरवं गवत.

मेरीलँडमधल्या कोलंबियातल्या एका जोडप्याने गवताऐवजी तिथली देशी फुलझाडं लावली होती. २०१७ साली संघाचं पत्र आलं, झाडं काढा, गवत लावा. जोडपं कोर्टात गेलं. २०२०च्या अखेरीस तडजोड झाली आणि बाग वाचली. १ ऑक्टोबर २०२१पासून त्या राज्यात कायदाच आला. आता संघाला गवताची सक्ती करता येत नाही. लावलेल्या झाडांची निगा मात्र मालकाने राखायची.

एवढा हट्ट कशासाठी? मोनार्क फुलपाखराची अळी मिल्कवीडवरच जगते. ही वनस्पती आपल्या रुईच्या कुळातली. हिरवळ कितीही देखणी असो, त्या अळीच्या लेखी ते वाळवंटच.

शेजाऱ्यांची धास्तीही मला समजते. शेजारी रान माजलं तर आपल्या घराची किंमत उतरेल, असं त्यांना वाटतं. म्हणून टापटिपीचा नियम जरूर असावा. पण काय लावायचं, ते मालकाने ठरवावं. कर्ज फिटलं की बँकेचा बोजा उतरतो. संघाचे नियम मात्र घर विकलं तरी घरालाच चिकटून राहतात. तिथे एकट्या मालकाचं बळ पुरत नाही, कायदाच लागतो.