खेळाडू थकतो, तेव्हा आपण काय करतो?

टाळी आणि शिट्टी एकाच गर्दीतून निघतात. मार्च २००६ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर हे दिसलं. इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर अवघी एक धाव काढून बाद झाला आणि त्याच्याच शहरातल्या काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

२००५ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती. ‘टेनिस एल्बो’ म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूला स्नायू जिथे हाडाला जोडलेले असतात, तिथलं दुखणं. नुसती मूठ आवळली तरी कळ येते. सचिनची बॅट तर वजनदार! तरी ऑक्टोबरात नागपुरात श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढत तो परतला. डिसेंबरात दिल्लीत त्यानं पस्तिसावं कसोटी शतक केलं. लोकांना वाटलं, जुना सचिन आला. पुढे धावा आटल्या, तसा राग वाढला.

आमच्या मुखेडातही चहाच्या हॉटेलात दोन तट पडत. एक म्हणे, “आता यानं थांबावं.” दुसरा म्हणे, “त्यानं दिलेलं विसरलात?” गंमत म्हणजे सकाळी एका तटात असलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या तटात सापडे. त्यात ढोंग नव्हतं. १९९८ मध्ये शारजात त्यानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध लागोपाठ दोन शतकं ठोकली, तेव्हा आपणही तरुण होतो. त्याची चुकलेली बॅट आपल्याला आपलं वय सांगते. ते ऐकवत नाही, म्हणून आपण त्याच्यावर चिडतो. मी कवी आहे. दाद देणाऱ्यांची अशी चिडचिड मलाही ठाऊक आहे.

सप्टेंबर २००६ मध्ये क्वालालंपूरला त्यानं वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १४१ धावा केल्या. २०११ मध्ये विश्वचषक जिंकल्यावर त्याच वानखेडेवर सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. २०१३ मध्ये तिथंच तो निवृत्त झाला, तेव्हा लोक रडले.

पण समजा, हे काहीच घडलं नसतं, तर ती हुर्यो योग्य ठरली असती? मला नाही वाटत. प्रेम म्हणजे सावकारी नव्हे. हप्ता चुकला की जप्ती आणावी, असं त्यात नसतं. कुणाला खेळवायचं, हे निवड समितीनं आजच्या धावा पाहूनच ठरवावं. मान मात्र निराळा. आपल्याकडे थकलेल्या बैलाला कुणी जड नांगराला जुंपत नाही. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी लोणी-हळदीनं त्याचेही खांदे मळतात.