चाक ‘मजबूत’ आहे म्हणजे नेमकं काय? रॅलीतल्या कापलेल्या वळणांकडून एक धडा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी संशोधन सल्लागार समितीसमोर माझं प्रेझेंटेशन होतं. विषय होता ओतीव ॲल्युमिनियम मिश्रधातूंचा थकवा. एका स्लाइडवर मी लिहिलं होतं, ‘या पद्धतीने बनवलेलं चाक अधिक मजबूत असतं.’ समितीतल्या एका सरांनी विचारलं, “कशासाठी मजबूत?” मी ताण सहन करण्याच्या क्षमतेचा आकडा सांगितला. ते म्हणाले, “आकडा नाही विचारला. कशासाठी, ते विचारलं.” मी गप्प. त्यानंतरचे सहा महिने प्रयोग पुन्हा आखण्यात गेले, कारण मी मोजत होते एक आणि दावा करत होते दुसराच.

तुम्ही आता रिसर्च प्रपोजल लिहायच्या तयारीत असाल तर हे सहा महिने तुमचे वाचावेत म्हणून ही पोस्ट. उदाहरण घेऊया रॅली ड्रायव्हिंगचं, कारण चाकाची सगळ्यात कठीण परीक्षा तिथेच होते.

वळण कापायचं कशाला?

रॅली म्हणजे वर्तुळाकार ट्रॅकवरची शर्यत नव्हे. बंद केलेल्या साध्या रस्त्यावर एकामागून एक गाडी सोडतात आणि प्रत्येकीचा वेळ मोजतात. शेजारी बसलेला को-ड्रायव्हर पुढचं वळण कसं आहे ते पेस नोट्समधून वाचून दाखवतो. त्यात ‘कट’ आणि ‘डोन्ट कट’ अशा सूचनाही असतात. कट म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूने रस्ता सोडून गवतातून, चरातून चाकं घालायची.

फायदा किती? आपण स्वतःच काढू. ९० अंशांचं वळण, आतल्या कडेची त्रिज्या २० मीटर, गाडीला डावी-उजवीकडे सरकायला २ मीटर जागा. बाहेरून आत येऊन पुन्हा बाहेर जाणारी सगळ्यात मोठी गोलाई घेतली तर तिची त्रिज्या २६.८ मीटर येते. आता गाडी १ मीटर आत घाला. त्रिज्या होते २९.२ मीटर. वळणातला कमाल वेग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. घर्षण गुणांक १ धरला तर वेग ताशी ५८.४ किमीवरून ६१ किमीवर जातो आणि वळणामागे साधारण ०.१८ सेकंद वाचतात.

डोळ्याची पापणी लवावी इतकाच हा वेळ. पण रॅलीत शेकडो वळणं असतात, म्हणून मोह होतो.

गवतात दगड असेल तर?

वेग ताशी १०० किमी, चाकाची त्रिज्या ३२.५ सेंमी, आणि गवतात लपलेला ८ सेंमी उंचीचा, धारदार कडेचा दगड. भूमितीने बघितलं तर चाकाचा दगडाला पहिला स्पर्श तळाशी होत नाही, सुमारे ४१ अंश पुढे होतो. त्यामुळे गाडीच्या वेगातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग थेट त्या कडेवर आदळतो. चाक, टायर, ब्रेक, हब असं स्प्रिंगच्या खालचं वजन ४० किलो धरा. आघाताची ऊर्जा येते सुमारे ६,७०० ज्यूल.

आता गंमत बघा. दगडाची उंची निम्मी केली, म्हणजे ४ सेंमी, तर ऊर्जा साधारण निम्मी होते, ३,६०० ज्यूलच्या आसपास. पण वेग निम्मा केला तर ती एक चतुर्थांश होते. म्हणजे ड्रायव्हरच्या हातात असलेली गोष्ट, वेग, ही दगडापेक्षा जास्त परिणाम करते. हे ढोबळ गणित आहे. टायर दबतो, सस्पेन्शन वर जातं, त्यामुळे सगळी ऊर्जा रिमपर्यंत पोचत नाही. पण अंदाज घ्यायला एवढं पुरतं.

मग लॅबमध्ये काय तपासतात?

मला अडकवणारा मुद्दा इथे आहे. साध्या कारच्या ॲलॉय व्हीलसाठी आयएसओ ७१४१ नावाची आघात चाचणी आहे. टायर चढवलेलं चाक १३ अंश तिरकं बसवतात आणि त्याच्या कडेवर २३० मिमी उंचीवरून वजन सोडतात. वजन किती? चाकावर येणाऱ्या कमाल स्थिर भाराच्या ०.६ पट, अधिक १८० किलो. भार ४५० किलो असेल तर वजनही ४५० किलोच येतं आणि आघाताची ऊर्जा सुमारे १,००० ज्यूल.

म्हणजे वरच्या दगडाच्या जेमतेम सहावा भाग. आणि आदळण्याचा वेग? ताशी साडेसात किमी.

पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. या चाचणीत चाक ‘नापास’ कधी होतं? मधल्या भागात आरपार तडा दिसला, मधला भाग रिमपासून सुटला किंवा एका मिनिटात टायरमधली सगळी हवा गेली तर. रिम नुसती वाकली तर चाक पास! जिथे वजन आदळलं तिथेच रिमला तडा गेला, तरी तेवढ्याने नापास होत नाही. कारण चाचणीचा प्रश्न ‘चाक जसंच्या तसं राहिलं का’ हा नाहीच. ‘गाडीतल्या माणसाचा ताबा अचानक सुटेल का’ हा आहे.

रॅली ड्रायव्हरची व्याख्या आणखी वेगळी. त्याला वाकलेली रिम चालते, पण स्टेज संपेपर्यंत हवा टिकली पाहिजे. चाक तेच, निकष वेगळे. म्हणून ‘मजबूत’ हा शब्द एकटा वापरला की त्याला अर्थच उरत नाही.

१५ इंच की १८ इंच?

वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपमध्ये मातीच्या रॅलीला १५ इंची रिम वापरतात आणि डांबरी रॅलीला १८ इंची. टायरचे आकार बघा: २०५/६५ आणि २३५/४०. आकडेमोड केलीत तर दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच येतो, ६५ सेंमीच्या आसपास. फरक टायरच्या भिंतीत आहे. मातीच्या टायरची भिंत १३३ मिमी उंच, डांबरी टायरची ९४ मिमी. उंच भिंत दगड गिळते. बुटकी भिंत वळणात कमी लचकते, स्टिअरिंगला पटकन उत्तर देते, पण दगड आणि रिम यांच्यात अंतर कमी ठेवते. वर मोठ्या रिममध्ये मोठे ब्रेक मावतात.

म्हणजे चाकाची ‘ताकद’ फक्त धातूत नसते, त्याभोवतीच्या हवेतही असते. डांबरी रॅलीत वळण कापणं म्हणूनच जास्त जोखमीचं. जर्मनीच्या रॅलीत बाउमहोल्डरच्या लष्करी सरावक्षेत्रातली स्टेज असायची. रणगाड्यांनी रस्ता सोडू नये म्हणून तिथे कडेला मोठमोठे दगड रोवलेले आहेत. तिथे वळण कापायला गेलात तर रिमची चर्चाच उरत नाही.

आणि रिम टिकली तरी बल कुठेतरी जातंच. ते हब, सस्पेन्शनचे दांडे, बोल्ट यांच्याकडे सरकतं. १९९८ च्या ब्रिटनच्या रॅलीत टॉमी मॅकिनेनची गाडी सांडलेल्या तेलावरून घसरून वळणाच्या कडेच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळली आणि मागचं चाकच उखडलं गेलं. तीन चाकांवर पुढे निघालेल्या त्याला पोलिसांनी थांबवलं. पुढे कार्लोस साइन्झचं इंजिन शेवटच्या स्टेजच्या अगदी अंतिम टप्प्यात बंद पडलं म्हणून विजेतेपद मॅकिनेनलाच मिळालं, ही गोष्ट वेगळी. रिम अभेद्य केली तर पुढचा कमकुवत दुवा शोधावाच लागतो.

न दिसणारे लहान फटके

प्रत्येक कटमध्ये मोठा दगड नसतो. लहान फटके बसतात, काही दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट वोलरने रेल्वेच्या आसांवर काम करून दाखवलं की एकदा सहज पेलणारा भार हजारो वेळा दिला तर लोखंड तुटू शकतं. पोलादाला बहुतेक वेळा एक मर्यादा असते, तिच्याखाली भार ठेवला तर ते जवळपास कायम टिकतं. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. त्यामुळे ‘काल याच चाकाने हा फटका सोसला’ हा पुरावा आजच्या फटक्यासाठी कच्चा ठरतो.

मग कापायचं की नाही?

पंक्चर झालं आणि स्टेजवर थांबून चाक बदललं तर दोन मिनिटं जातात असं धरू. १२० सेकंद भागिले ०.१८. उत्तर सुमारे ६७०. म्हणजे ६७० कटमागे एकापेक्षा कमी वेळा चाक जात असेल, तरच सरासरीने फायदा.

समजा धोका हजारात एक आहे. ५०० कट मारले तर ९० सेकंदांची कमाई, सरासरी नुकसान ६० सेकंद. कागदावर नफा! पण ५०० कटमध्ये निदान एकदा तरी चाक जाण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के. जिंकायला आलेला माणूस सरासरीवर जगत नाही, त्याला ही एकच रॅली चालवायची असते.

शिवाय मी इथे एक चोरी केली आहे. प्रत्येक कटचा धोका सारखा आणि स्वतंत्र धरला. प्रत्यक्षात पुढे गेलेल्या गाड्या कडा उकरतात, दगड वर काढतात, चिखल डांबरावर आणतात. तीच स्टेज दुपारी पुन्हा धावताना सकाळचा आकडा लागू नसतो. म्हणून डांबरी रॅलीत संघ स्टेजच्या आधी एक गाडी पाठवून नोट्स दुरुस्त करून घेतात, आणि आयोजक आतल्या कडेला खांब किंवा गवताचे भारे उभे करतात.

तुमच्या प्रपोजलसाठी

आता तुमचं प्रपोजल उघडा. ‘चांगलं’, ‘मजबूत’, ‘कार्यक्षम’, ‘टिकाऊ’ असे शब्द शोधा आणि प्रत्येकाला चार प्रश्न विचारा. भार कोणता, कुठल्या दिशेने आणि किती वेळा? नापास कधी म्हणायचं? माझी चाचणी त्याच प्रश्नाचं उत्तर देते का? आणि मी काय सारखं, काय स्वतंत्र गृहीत धरलं आहे?

मी त्या स्लाइडवरचं वाक्य शेवटी असं बदललं: ‘अमुक दिशेच्या, अमुक ऊर्जेच्या वारंवार आघातांनंतर या पद्धतीने बनवलेल्या चाकात आरपार तडा उशिरा जातो.’ वाक्य लांब झालं, ऐकायला रुक्ष झालं. पण पुढच्या बैठकीत सरांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. ते थेट डेटाकडे वळले.