बोटीचा मॅनिफोल्ड आणि चिखलीचं फेसिंग

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या अंगाने इंद्रायणी वाहते; समुद्र मात्र सह्याद्रीपलीकडे. तरी मच्छीमार बोटीतलं इंजिन या पट्ट्याला परकं नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात 1946 साली इथून जवळच, खडकीला झाली. कोकणातल्या अनेक बोटींवर तर ट्रकचंच डिझेल इंजिन समुद्रासाठी बदलून बसवलेलं असतं. त्यामुळे त्याचा जुना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सपाट करायला लागतं ते कसब गाड्यांच्या सिलिंडर हेडचं तोंड सपाट (फेसिंग) करणाऱ्या छोट्या मशीनशॉपमध्येच सापडतं.

बोटीचा मॅनिफोल्ड बहुधा बिडाचा आणि दुहेरी भिंतीचा असतो. आतून तापलेला धूर जातो, बाहेरच्या पोकळीतून थंड करणारं पाणी. वर्षानुवर्षं तापून-निवून तो वाकतो, खारं पाणी भिंत खातं. तोंड हेडवर नीट बसलं नाही तर बंदिस्त केबिनमध्ये विषारी धूर पसरतो. आतली भिंत फुटली तर धोका आणखी मोठा: पाणी सिलिंडरमध्ये उतरतं, आणि पाणी दाबलं जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून मशीनला हात लावण्याआधी तपासणी. पोकळीत दाब देऊन गळती बघायची. मग जुनं गॅस्केट खरवडून तोंडावर स्ट्रेट एज ठेवायची आणि खाली फिलर गेजचं पातं सरकवायचं: लांबीत, रुंदीत, तिरपं. किती फट चालेल, हे इंजिनाचं पुस्तक सांगतं.

खरी कसोटी जॉब बांधताना लागते. वाकडा मॅनिफोल्ड टेबलावर जोरात आवळला की तो तात्पुरता सरळ होतो. कट घेऊन क्लॅम्प सोडले की पुन्हा वाकतो. जाणता कारागीर खालच्या फटींत पातळ पत्र्याचे शिम घालतो, आहे त्या आकारात जॉबला आधार देतो आणि सगळी तोंडं एकाच बांधणीत, एकाच पातळीत आणतो. कट पातळ, गरजेपुरताच. बीड जास्त काढलं तर फ्लँज कमजोर होतो. शेवटी निळा रंग लावलेल्या सरफेस प्लेटवर तोंड घासायचं. रंग सगळीकडे उमटला की काम झालं. सपाटपणा पारखण्याची ही शिस्त जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 साली ग्लासगोत शास्त्रज्ञांपुढे मांडली होती.

बसवताना गॅस्केट नवं हवं. बोल्ट मधून कडांकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळायचे. उंचसखल तोंडावर दोन गॅस्केटं चढवणं किंवा बोल्ट जोर लावून खेचणं ही दुरुस्ती नव्हे. त्याने बिडाला तडा जातो.

अशा कामाला जागाही लागते. चिखलीतल्याच कुदळवाडीत महापालिकेने फेब्रुवारी 2025 मध्ये अनधिकृत ठरवून हजारो बांधकामं पाडली. त्यांत भंगाराची गोदामं होती, तशा लघुउद्योगांच्या शेडही होत्या. शहराला नियम हवेतच. पण जुना भाग पुन्हा कामाला लावणारं कौशल्य हीसुद्धा या औद्योगिक पट्ट्याची कमाई आहे, आणि तिला शहराच्या आराखड्यात हक्काची, परवडणारी जागा मिळालीच पाहिजे.