अंगठ्याच्या टप्प्यात अख्खं ऑफिस

आजच्या भागाची सुरुवात माझ्या फजितीने करतो.

साताऱ्याहून स्वारगेटला येणाऱ्या एसटीत होतो. नोकरीसाठी बायोडेटा पाठवायचा होता, मुदत संध्याकाळी पाचची, आणि हाताशी फक्त फोन. फाइल उघडली, मोबाइल नंबर बदलला, खाली सरकवत एकदा नजर टाकली आणि दिला पाठवून. रात्री मित्राने विचारलं, "अरे, तुला बारावीला सात टक्के?" गाडीच्या धक्क्यात अंगठा मार्कांच्या रकान्यात टेकला होता आणि ७८ मधला ८ उडाला होता. मला कळलंही नाही. तिकडून पुढे फोन काही आला नाही.

आता चूक माझी की ॲपची? मी म्हणेन, निम्मी निम्मी. त्या ॲपने वाचणं आणि लिहिणं यात फरकच केला नव्हता. म्हणून आज बोलूया की संगणकावरचं मोठं ऑफिस सॉफ्टवेअर फोनवर आणताना नक्की काय काय ठरवावं लागतं. उदाहरण घेऊ लिब्रेऑफिसचं, कारण ते ओपन सोर्स आहे. आत काय चाललंय ते कुणालाही बघता येतं.

जुनं घर, नवा दरवाजा

लिब्रेऑफिसचं मूळ स्टारऑफिस या जर्मन सॉफ्टवेअरमध्ये आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने ते १९९९ मध्ये विकत घेतलं, २००० मध्ये त्याचा कोड खुला केला, आणि पुढे २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून लिब्रेऑफिस सुरू झालं. म्हणजे हा सगळा पसारा माउस आणि मोठ्या स्क्रीनच्या काळातला. बटणावर बाण नेला की नाव दिसायचं, राइट क्लिक केलं की मेनू यायचा.

फोनवर बाणच नाही! वर बोटाखाली बटण झाकलं जातं ते वेगळंच. गूगलच्या डिझाइन नियमांनुसार बोटाने दाबायची जागा साधारण ९ मिलिमीटरची हवी. म्हणजे सात सेंटिमीटर रुंद स्क्रीनवर एका ओळीत सात बटणं जेमतेम बसतात. डेस्कटॉपवर शेकडो आहेत. मग खरा प्रश्न उरतो तो हा की लपवायचं काय?

आधी वाचा, मग पेन्सिल

कोलॅबोरा या कंपनीने लिब्रेऑफिसच्याच इंजिनावर फोनसाठी ॲप बनवलं. त्यात फोनवर फाइल उघडली की ती आधी फक्त वाचण्यासाठी उघडते. कोपऱ्यात पेन्सिलचं गोल बटण दिसतं, ते दाबलं तरच लिहिता येतं. दिसायला किती साधी गोष्ट! एक टॅप जास्त लागतो, पण माझा ८ वाचला असता.

पान दाखवायची पद्धतही मजेशीर आहे. अख्खं पान एकदम न काढता इंजिन त्याचे छोटे चौकोनी तुकडे काढतं, जमिनीवरच्या फरशांसारखे. ऑनलाइन नकाशे असेच चालतात, आणि इथे तर लीफलेट ही नकाशांसाठीचीच लायब्ररी वापरली गेली. म्हणून झूम केल्यावर मजकूर क्षणभर धूसर दिसतो आणि मग स्पष्ट होतो. तेव्हा नव्या फरशा येत असतात.

खालची अर्धी स्क्रीन

२०१३ मध्ये स्टीव्हन हूबर यांनी लोक फोन कसा धरतात याची १,३३३ निरीक्षणं मांडली. त्यात ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन वापरत होते. म्हणजे कामाची बटणं अंगठा पोचेल तिथे हवीत. म्हणून फाँट, रंग, परिच्छेद यांची यादी या ॲपमध्ये खालून वर येते.

आणि ही यादी प्रत्येक वेळी हाताने नव्याने रचलेली नसते. डेस्कटॉपच्या साइडबारचं वर्णन फोनकडे जातं आणि फोन ते आपल्या पद्धतीने मांडतो. फायदा असा की कमी माणसांत पुष्कळ सोयी फोनवर येतात. तोटा असा की डेस्कटॉपची अडगळही सोबत येते. ती निवडून बाजूला काढायला माणूसच लागतो.

आणि मराठीचं काय?

इथे खरी परीक्षा आहे. "श्री" आपल्याला एक अक्षर दिसतं. फोनसाठी ती चार चिन्हं आहेत: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. प्रत्येक चिन्हागणिक अक्षराचा आकार बदलतो, म्हणजे ती फरशी पुन्हा काढावी लागते. इंग्रजीच्या उंचीने बटण आखलं तर वरचा रफार किंवा खालचा उकार कापला जातो. त्यात की-बोर्डने निम्मी स्क्रीन खाल्लेली! अशा वेळी कर्सर दिसत राहिला पाहिजे, नाहीतर आपण अंधारात टाइप करतो.

आपल्यातल्या कितीतरी जणांचा पहिला संगणक फोनच आहे. अर्ज, बायोडेटा, प्रोजेक्ट सगळं त्यावरच. त्यामुळे फोनवरचं ऑफिस ही आपल्यासाठी फावल्या वेळातली सोय नाही, आपलं ऑफिसच ते आहे.

आज एक प्रयोग करा. फोनमधल्या ऑफिस ॲपमध्ये एखादी जुनी फाइल उघडा, एका हाताने खाली सरकवा, मग "श्री" टाइप करून एकेक चिन्ह खोडून बघा. जिथे अडखळाल ते लिहून ठेवा. लिब्रेऑफिसची बटणांची नावं वेबलेट या सॉफ्टवेअरवर भाषांतरित होतात, आणि तिथे मराठीही आहे. एखादं नाव खटकलं तर तुम्हीही सुधारणा सुचवू शकता.

आणि हो, बायोडेटा पाठवण्याआधी पीडीएफ करा आणि पुन्हा एकदा वाचा. चला, भेटू पुढच्या भागात!