हॉटेलात बसलेली माणसं

‘हॉटेल’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? आपल्या नगरात दहाजणांना विचारलं तर नऊजण वडा-सांबार, मिसळ, कटिंग आणि भिंतीवरची ‘येथे राजकीय गप्पा मारू नयेत’ ही पाटी सांगतील. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण एसटीत बसल्यावर आपण कंडक्टरकडे अजून ‘एक नगर’च मागतो, तेव्हा मीही इथे तसंच लिहितेय.) राहायचं असेल तर आपण लॉज म्हणतो. साहेबांच्या भाषेत जिथे झोपतात ते हॉटेल, आपल्याकडे जिथे बसतात ते हॉटेल. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

झालं असं की पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला ‘भारतात सिनेमा कसा आला’ यावर असाइनमेंट होती. सगळ्यांनी केलं तेच मीही केलं. फाळके, ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३, संपलं. सर म्हणाले, ‘त्याच्या आधी सतरा वर्षं मागे जा.’ मागे गेले आणि मुंबईतल्या काळा घोडा भागातल्या एका मोडकळीला आलेल्या इमारतीसमोर जाऊन पोचले. आधी गुगलवर आणि मग खरोखर, सीएसएमटीहून हुतात्मा चौकामार्गे चालत.

इमारतीचं आजचं नाव एस्प्लनेड मॅन्शन, जुनं नाव वॉटसन्स हॉटेल. १८६० च्या दशकात जॉन वॉटसन नावाच्या इंग्रज कापडव्यापाऱ्याने ही इमारत बांधायला घेतली. गंमत म्हणजे बांधली इथे, पण बनली तिकडे. रोलंड ऑर्डिश या इंजिनिअरने आराखडा केला, ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये तयार झाल्या, बोटीने मुंबईला आल्या आणि इथे नुसत्या जोडल्या. ओतीव लोखंड म्हणजे बीड. शेजारचा जिल्हा नाही हो, बिडाचा तवा असतो ना, ते. आज आपण ज्याला प्रीफॅब म्हणतो ते दीडशे वर्षांपूर्वी, पाच मजली. रस्त्यावरून बघितलं तर अजूनही कळतं की या इमारतीचं वजन भिंतींवर नाही, सांगाड्यावर आहे.

वॉटसनने वेट्रेससुद्धा इंग्लंडहून आणल्या होत्या. त्यावर तेव्हाचा एक जोक होता की वॉटसनने येताना तिकडची हवाही आणायला हवी होती.

१८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरला. जगभर व्याख्यानं देत फिरत होता. या प्रवासावरच्या पुस्तकात त्याने मुंबईच्या कावळ्यांवर मनसोक्त लिहिलंय. ते वाचून हसू येतं. पण त्याच सुमाराला त्याने आणखी एक प्रसंग लिहिलाय. खोलीत सामान लावायला आलेल्या हिंदी नोकराच्या कामात काहीतरी कमी राहिलं म्हणून हॉटेलच्या एका गोऱ्या माणसाने, काय चुकलं ते सांगायच्याही आधी, त्याच्या तोंडात मारली. नोकर काही बोलला नाही. ते बघून ट्वेनला एकदम आपलं लहानपण आठवलं, अमेरिकेतलं, गुलामांना असंच मारताना बघितलेलं. जुन्या हॉटेलांवर लिहिताना आपण झुंबरं आणि बॉलरूमवर घसरतो (मीही आत्ता घसरणारच होते), म्हणून हे आधी सांगितलं. या इमारतीत काही सगळेच पाहुणे नव्हते.

त्याच वर्षी, ७ जुलै १८९६. ल्युमिए बंधूंचा माणूस, मारियस सेस्तिए, ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि वाटेत मुंबईत थांबला. वॉटसन्समध्ये त्याने पडदा लावला. तिकीट एक रुपया. सहा चिमुकल्या फिल्म्स, एकेक मिनिटभराच्या. आजच्या रीलएवढ्याच म्हणा ना. स्टेशनात येणारी आगगाडी, कारखान्यातून सुटणारे कामगार आणि एक होती नुसती भिंत पाडण्याची. ती शेवटची फिल्म ल्युमिएंचे लोक कधी कधी उलटी फिरवून दाखवायचे. पडलेली भिंत धुळीतून परत उभी राहायची.

भारतातला सिनेमा या हॉटेलात सुरू झाला. आठवडाभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले. फोटो स्टुडिओ चालवणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी ही नवलाई पाहिली आणि लंडनहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये दोन पहिलवानांची कुस्ती शूट केली. १९०१ मध्ये रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताची गर्दी शूट केली. मास कॉमवाल्यांनो, लक्षात घ्या, हा आपला पहिला न्यूज कॅमेरामन. आणि आपल्या अभ्यासक्रमात त्याच्या वाट्याला जेमतेम एक ओळ!

पुढचं पटपट सांगते, कारण पुढचं फारसं सुंदर नाही. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडलं आणि श्रीमंत गिऱ्हाईक तिकडे वळलं. (जमशेटजी टाटांना वॉटसन्समध्ये शिरू दिलं नाही म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. गोष्ट झकास आहे, पण पक्का पुरावा नाही. आम्हाला पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात, फार झकास गोष्ट दिसली की दोनदा तपासा.) काही वर्षांत हॉटेल बंद पडलं. मोठ्या खोल्यांच्या छोट्या खोल्या झाल्या, भाडेकरू आले, सत्र न्यायालय शेजारीच म्हणून वकिलांची ऑफिसं आली. मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. भाडी गोठली. मालक म्हणतो एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू, भाडेकरू म्हणतो जागा सोडून जाऊ कुठे. दोघांचंही खरं आणि छत गळतंच आहे. मुंबईच्या जुन्या चाळींची हीच कहाणी, फक्त या चाळीच्या पायऱ्यांवरून एकेकाळी मार्क ट्वेन चढला होता.

२००५ मध्ये इमारतीचा पुढचा भाग कोसळला. एक माणूस गेला. त्याच सुमाराला वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचं नाव घातलं. २०१९ मध्ये ‘म्हाडा’ने रहिवाशांना बाहेर काढलं. आयआयटी मुंबईच्या अहवालाने सांगितलं की इमारत दुरुस्तीपलीकडे आहे, पाडा. वारसा जपणाऱ्या मंडळींनी विरोध केला. प्रकरण हायकोर्टात गेलं.

मी समोर उभी होते आणि खरं सांगू का, भारावून वगैरे काही गेले नाही. पहिली गोष्ट डोक्यात आली ती खालून चालणाऱ्या माणसांची. वारसा म्हणून जपा म्हणणं सोपं, पण बाल्कनी ज्याच्या डोक्यावर पडते त्याला ल्युमिए कोण ते माहीत नसतं. तुम्ही काय म्हणाल? मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

तिथून दोन मिनिटांच्या अंतरावर दुसरं हॉटेल होतं. आपल्या अर्थाने हॉटेल, बसायचं. वेसाइड इन. आता नाही. चौकडीची टेबलक्लॉथ असलेलं, जुन्या वळणाचं, गर्दी नसलेलं. इथे दर गुरुवारी दुपारी खिडकीपाशी एक माणूस बसायचा. लांब केस, भरघोस मिशा.

हे अरुण कोलटकर. कोल्हापूरचे, जे. जे.त चित्रकला शिकलेले, जाहिरात क्षेत्रात मोठं नाव कमावलेले आणि दोन भाषांतले कवी. ‘जेजुरी’ या इंग्रजी कवितासंग्रहाला १९७७ मध्ये कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं. त्याच वर्षी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह आला. आणि मग पुस्तक म्हणून पंचवीसेक वर्षं जवळपास काहीच नाही. आज एखाद्याने पंचवीस दिवस पोस्ट टाकली नाही तर आपण विचारतो, बरा आहेस ना?

कोलटकरांकडे फोन नव्हता. त्यांना भेटायचं तर गुरुवारी वेसाइड इनला जायचं. अशोक शहाणे यायचे, मित्र यायचे, कधी परदेशातून आलेले लेखक, प्रकाशक यायचे. अपॉइंटमेंट नाही, मीटिंग लिंक नाही. टेबल हाच पत्ता.

आणि खिडकीतून काय दिसायचं? काळा घोड्याचा चौक, ज्यात घोडाच नव्हता. राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्येच हलवून राणीच्या बागेत नेला होता. (आत्ता दिसतो तो घोडा २०१७ चा आहे आणि त्याच्यावर राजा नाही.) उरलं होतं ते वाहतुकीचं बेट, त्याच्यावर पसरलेला रस्त्यावरचा कुत्रा, कचरा गोळा करणाऱ्या बाया, इडली घेऊन येणारी बाई आणि तिच्याभोवती जमणारे फुटपाथवरचे लोक. कोलटकर वर्षानुवर्षं हेच बघत बसले. समोर जहांगीर आर्ट गॅलरी, मागे बँका, विद्यापीठ, म्युझियम, पण यांचं लक्ष कुत्र्याकडे. यातूनच ‘काला घोडा पोएम्स’ झालं. अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने २००४ मध्ये ते काढलं आणि त्याच सप्टेंबरमध्ये कोलटकर गेले.

त्याच्या दोनेक वर्षं आधीच वेसाइड इन बंद पडलं होतं. त्या जागी महागडं चायनीज रेस्टॉरंट आलं. गुरुवारची मंडळी उठून फोर्टातल्या मिलिटरी कॅफेत जाऊन बसू लागली. जहांगीरमधलं ‘समोवार’ १९६४ पासून चालू होतं, खिशात पैसे नसलेल्या चित्रकारांचा अड्डाच तो. तेही २०१५ च्या मार्चअखेर बंद झालं.

मी चौकात उभी राहून खिडकी शोधत होते. आजूबाजूला सगळे फोटो काढत होते, माझ्यासारखेच. एका चहावाल्याला विचारलं, ‘इथे वेसाइड इन कुठे होतं?’ तो म्हणाला, ‘लोकेशन डाला क्या?’

येताना गाडीत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. आपल्या भुईकोट किल्ल्यात नेहरूंना १९४२ ते १९४५ कैदेत ठेवलं होतं. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी तिथे लिहिलं. मौलाना आझादांचं ‘गुबार-ए-खातिर’ही तिथलंच. शाळेच्या सहलीत आपण ती खोली बघितलीय, खिडकीतून डोकावून. तुरुंगाची खोली आपण जपली, कारण तिच्यावर सरकारी कुलूप होतं. हॉटेलच्या टेबलावर कुलूप कोण लावणार? तिथे तर रोज पुढचं गिऱ्हाईक उभं असतं.

आता नगरची गोष्ट. माझ्या कॉलेजजवळ एक हॉटेल आहे, नाव नाही सांगत, तुमच्यापैकी निम्म्यांना कळेलच. सहा टेबलं, एक पंखा, तोही आवाज करतो वाऱ्यापेक्षा जास्त. महाकरंडकाच्या एकांकिकेच्या तालमी संपल्या की रात्री साडेदहाला आम्ही तिथे. दिग्दर्शकाचं आणि लेखकाचं भांडण तिथे, शेवट बदलायचं ठरलं तेही तिथे, चार चहात सातजण. काकांनी एकदाही ‘उठा’ म्हटलं नाही. आमच्याही आधीच्या कित्येक बॅचेस तिथे अशाच बसल्यात. पुढच्या महिन्यात ती जागा मोबाईलच्या शोरूमला जातेय.

मला राग काकांचा नाही. मुलगा पुण्यात नोकरीला, गुडघे दुखतात, भाडं परवडत नाही. त्यांनी का म्हणून आमच्यासाठी चहा उकळत बसावं? ‘वाचवा’ वगैरे मोहीम काढावी असंही वाटत नाही. चार चहात सातजण बसणाऱ्यांनी तर नाहीच काढू. पण वॉटसन्सबद्दल आज मी दीडशे वर्षांनी लिहू शकतेय, कारण कुणीतरी तिकिटाचा दर लिहून ठेवला, कुणीतरी कावळ्यांवर लिहिलं. वेसाइड इन आज आहे ते पुस्तकांत आणि तिथे बसलेल्यांच्या आठवणींत. आमच्या हॉटेलात काय झालं ते कुठे आहे? माझ्या फोनमध्ये तिथले बहुतेक सेल्फी आहेत, आणि सेल्फीत मागचं टेबलसुद्धा धड दिसत नाही.

म्हणून गेल्या मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना गेले. रेकॉर्डर चालू केला. काका लाजले. ‘माझं काय छापायचंय त्यात?’ म्हणाले. मग हळूहळू बोलायला लागले. हॉटेल वडलांनी कसं सुरू केलं, दूध कुठून यायचं, कोणती नाटकवाली पोरं पुढे टीव्हीवर दिसली आणि त्यातलं कोण अजून येऊन भेटतं. तासाभराने काउंटरखालून त्यांनी उधारीच्या वह्यांचा गठ्ठा काढला. पुठ्ठ्याच्या, चहाचे डाग पडलेल्या, नऊ वह्या.

‘रद्दीत घालणार होतो,’ म्हणाले. ‘तुला पायजेत का?’

घेतल्या. पहिल्या वहीत माणसांची नावं नाहीतच, काकांच्या वडलांनी ओळखीच्या खुणा लिहिल्यात. ‘चष्मेवाला, तीन चहा.’ ‘पेटी वाजवणारा, मिसळ एक.’ आणि एका पानावर, तारीख नसलेल्या, ‘नाटकवाले, अकरा चहा, बक्षीस आलं तर देतील.’

रक्कम खोडलेली नाही. बक्षीस आलं नसावं. किंवा आलं असेल आणि विसरले असतील. तुमच्या घरात कुणी तेव्हा नाटकात काम करत असेल, तर जरा विचारून बघा. काका महिनाअखेरपर्यंत आहेत.